इशापूरच्या रायफलीवरचा खोटा ठपका

अमेरिकेतल्या जुन्या लष्करी बंदुकांच्या बाजारात इशापूरच्या २ए१ रायफलीबद्दल एक ठरलेलं बोलणं ऐकू येतं. ‘ही मुळातली थ्री-नॉट-थ्री. भारतीयांनी तिला नवी नळी बसवून ७.६२ मिलिमीटरची केली. तिच्यातून नेहमीचं काडतूस उडवणं म्हणजे जिवाशी खेळ. स्वस्तात मिळाली तर घ्या आणि भिंतीवर टांगा.’ विक्रेता हे गिऱ्हाइकाला सांगतो, गिऱ्हाईक पुढच्या गिऱ्हाइकाला सांगतो, आणि किंमत करायला बसलेला माणूस रायफल हातात घेण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो. या बोलण्यातला पहिला दावा खोटा आहे. दुसरा अर्धवट समजलेल्या आकड्यांवर उभा आहे. आणि भावाचा तिसरा दावा या दोघांच्या आधारावाचून उभाच राहू शकत नाही.

याचा प्रतिवाद मराठीत करण्याला कारण आहे. तिकडे स्थायिक झालेली आपली माणसं आता या रायफलींकडे वळू लागली आहेत. लोखंडावर अशोकस्तंभाचे सिंह दिसले की त्यांचा हात थांबतो, आणि मग ‘घेऊ का? किती द्यावेत?’ अशी विचारणा माझ्यासारख्याकडे येते. त्यांना वरचंच बोलणं ऐकवून परत पाठवलं जातं हे मला सहन होत नाही. भारतात हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण १९५९च्या शस्त्र कायद्याखाली ३०३ आणि ७.६२ ही दोन्ही लष्करी काडतुसं सामान्य परवानाधारकाला बंद आहेत. त्याच्या वाट्याला ३१५ बोअर येते. त्यामुळे आपल्याच कारखान्यात घडलेल्या वस्तूचं मूल्यमापन पूर्णपणे परक्या बाजाराच्या हाती गेलं आहे. बाजार परका असायला माझी हरकत नाही. तो वस्तू न पाहता बोलतो, ही माझी तक्रार आहे.

आधी ही रायफल जन्मली कशी ते पाहू. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी इशापूरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रायफलींचा कारखाना आहे. इंग्रजांच्या ली-एनफील्डची आखूड आवृत्ती, जिला पुढे नंबर १ मार्क ३ म्हटलं गेलं, ती तिथे दोन्ही महायुद्धांत घडली आणि स्वातंत्र्यानंतरही पन्नाशीच्या दशकात घडत राहिली. १९६२ साली ईशान्य सीमेवर आपले जवान हीच बोल्ट ओढण्याची ३०३ घेऊन उभे होते आणि समोरच्या चिनी सैन्याकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. ७.६२ × ५१ या नव्या काडतुसाकडे आणि स्वयंभरण रायफलीकडे (एसएलआर) वळायचा निर्णय त्यानंतर घाईने अमलात आला. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने, म्हणजे पाषाणच्या एआरडीईने, ब्रिटिश आणि बेल्जियन नमुने अभ्यासून भारतीय एसएलआर उभी केली आणि तिचं उत्पादन इशापूरला सुरू झालं. पण एवढ्या मोठ्या सैन्याला पुरतील इतक्या एसएलआर एका वर्षात होणार नव्हत्या. दोन प्रकारची काडतुसं एकाच वेळी पुरवत बसणं कुठल्याही सैन्याला नको असतं. म्हणून इशापूरच्या कारागिरांनी हाताशी असलेली, पन्नास-साठ वर्षं घडवून हाडीमासी मुरलेली बोल्टची रचना घेतली आणि ती नव्या काडतुसासाठी नव्याने घडवली. आधी २ए आली आणि १९६५पासून २ए१. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती तयार होत होती. सैन्यासाठी नव्याने घडवलेल्या बोल्टच्या पायदळी रायफलींमध्ये ही जगातल्या अगदी शेवटच्यांपैकी एक आहे. हे एवढं एकच वाक्य विक्रेत्याने चिठ्ठीवर लिहिलं असतं तरी भाव वेगळा झाला असता.

आता ‘जुन्या रायफलीला नळी बदलली’ या दाव्याकडे येऊ. तो तपासायला ग्रंथ लागत नाही, उजेड आणि दोन मिनिटं लागतात. दस्ता जिथे रिसीव्हरला मिळतो त्या लोखंडी कड्याची उजवी बाजू पाहा. जुन्या ३०३वर तिथे मुकुट, त्याखाली राजाची अक्षरं, ‘इशापूर’ हे नाव, साल आणि मार्क असतो. २ए१वर अशोकाचे सिंह, ‘आरएफआय’ (रायफल फॅक्टरी, इशापूर), रायफल ७.६२ मिलिमीटर २ए१ असा मजकूर आणि साठ-सत्तरच्या दशकातलं साल असतं. जुना ठसा घासून काढून त्या जागी नवा मारला असता तर ती जागा बोटाला खोलगट लागली असती आणि कडेच्या रेषा मऊ झाल्या असत्या. तसं काही आढळत नाही. पुढे मॅगझिन पाहा. ३०३च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, म्हणून तिचं मॅगझिन पुढच्या अंगाला वाकडं उतरतं. ७.६२च्या काडतुसाला तशी कड नाही, म्हणून २ए१चं मॅगझिन चौकोनी पेटीसारखं, बारा काडतुसांचं आहे. चापाच्या संरक्षक पट्टीची घडण त्या पेटीला जुळवून बदललेली आहे. बोल्टच्या डोक्यावरचा, रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा वेगळ्या आकाराचा आहे. मागची दर्शनपट्टी ८०० मीटरपर्यंतच आखलेली आहे. रिसीव्हरच्या पोलादातही वाढत्या दाबासाठी सुधारणा केली गेली. यातली एक गोष्ट बदललेली असती तर ‘नळी बदलली’ म्हणता आलं असतं. इथे काडतुसाशी संबंध येणारी प्रत्येक गोष्ट वेगळी आहे.

गोंधळ कुठून आला याचा मला एक अंदाज आहे. सुरुवातीच्या २एवर जुनीच २००० यार्डांपर्यंतची दर्शनपट्टी बसवलेली होती. नळीच्या टोकाचा बोथट नाकाडा, संगीन बसवायची खुंटी, दस्त्यावरची पितळी पट्टी हे सारं जुन्या साच्यातलं. दुरून पाहणाऱ्याला ती जुनीच रायफल वाटणार. पण दुरून पाहून किंमत करायची असेल तर तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये.

दाबाचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण तिथे माणसाच्या डोळ्यांचा आणि बोटांचा प्रश्न येतो. म्हणून तो मी नीट मांडतो, विरोधकांची बाजू जिथे खरी आहे तिथे ती मान्य करून.

त्यांचं म्हणणं असं की ७.६२ लष्करी काडतुसाचा दाब पन्नास हजार पौंड आणि बाजारात मिळणाऱ्या ३०८ विंचेस्टरचा बासष्ट हजार. म्हणजे ३०८ उडवलं तर रायफलीवर बारा हजार पौंडांचा जादा भार. ही तुलना दोन वेगळ्या मापांची आहे. पन्नास हजारांचा आकडा तांब्याची गोळी दाबली जाऊन किती चेपते यावरून काढलेला आहे. जुन्या पद्धतीत तो तसाच मोजत, आणि अमेरिकी लष्कराच्या पुस्तकांत त्यापुढे ‘पौंड प्रति चौरस इंच’ असं एकक छापलं गेलं. बासष्ट हजारांचा आकडा स्फटिकाच्या संवेदकाने मोजलेला आहे. ३०८चाच दाब तांब्याच्या पद्धतीने मोजला तर तो बावन्न हजारांच्या जवळ येतो, आणि लष्करी ७.६२चा दाब नव्या पद्धतीने मोजला तर साठ हजारांच्या आसपास. दोन्ही काडतुसांमधलं अंतर उरतं ते हजार-दोन हजारांचं. एकाच फूटपट्टीने न मोजलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी करून एका रायफलीला धोकादायक ठरवलं गेलं आणि ते वर्षानुवर्षं तसंच फिरत राहिलं.

मात्र त्या मतातला एक धागा खरा आहे आणि तो लपवणं अप्रामाणिकपणा होईल. ३०३चा दाब याच नव्या पद्धतीने एकोणपन्नास हजारांच्या घरात येतो. म्हणजे ७.६२ ही या रचनेसाठी खरोखरच जड चाल आहे. ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. माउझरसारखी पुढे, काडतुसाच्या अगदी मागे, कुलपं नाहीत. त्यामुळे दाब आला की बोल्ट आणि रिसीव्हर किंचित ताणतात. नंबर १ची बॉडी नंतरच्या नंबर ४पेक्षा हलकी, हेही खरं. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तिच्याबद्दल हे टीकाकार काही बोलत नाहीत. लष्करी ७.६२च्या चेंबरची बोल्टच्या तोंडापासून खांद्यापर्यंतची लांबी १.६३५५ ते १.६४५५ इंच इतकी मोकळी ठेवलेली असते, कारण लष्करी काडतुसाचं पितळ जाड असतं. ३०८ची चेंबर १.६३० इंचांपासून सुरू होते आणि १.६३८च्या पुढे गेली की बाद ठरते. मोकळ्या लष्करी चेंबरमध्ये पातळ पितळाचं बाजारी काडतूस टाकलं तर ते बुडाच्या वर चिरू शकतं. खरा धोका हा आहे. तो दाबाच्या खोट्या वजाबाकीत नाही आणि तो भारतीय पोलादातही नाही. तो प्रत्येक रायफलीत वेगळा असतो आणि बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणकाराने गेज लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. लष्करी मापाची ७.६२ काडतुसं या रायफलीसाठीच आहेत. शिकारीसाठी भरलेली जोरकस ३०८ तिच्यात घालू नयेत. आणि दोन्हीपैकी काहीही उडवण्याआधी चेंबर मोजून घ्यावी. हा सल्ला कुठल्याही पन्नास वर्षं जुन्या लष्करी रायफलीला तितकाच लागू आहे. स्वीडनमध्ये बनलेल्या माउझरला तो दिला जातो तेव्हा त्याला काळजी म्हणतात. इशापूरच्या रायफलीला दिला जातो तेव्हा त्यातून ‘टांगून ठेवा’ असा निकाल काढला जातो. ही तफावत मला सोडून देता येत नाही.

आणि आता ज्याने माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो भाग. ब्रिटिशांनी स्वतः ३०३च्या नंबर ४ रायफली घेऊन त्यांना ७.६२च्या नळ्या बसवल्या. १९७०मध्ये सेवेत आलेली त्यांची एल४२ए१ ही नेमबाजांची रायफल अशीच, जुन्या बॉडीवर नवी जड नळी चढवून तयार झाली. अशा साधारण हजाराच्या आसपासच झाल्या, आणि आज त्या संग्राहकांच्या बाजारात मोठ्या मानाने मिरवतात. तो मान त्यांना मिळावाच. त्या दुर्मीळ आहेत, खास नेमबाजांसाठी निवडलेल्या आहेत, आणि फॉकलंडच्या युद्धातही होत्या. पण खरोखर रूपांतर झालेल्या रायफलीचं रूपांतर हे तिचं भूषण होतं, आणि रूपांतर न झालेल्या रायफलीला ‘रूपांतरित’ म्हणून नाकारलं जातं, यामागे तांत्रिक कारण कुणी मला दाखवून द्यावं. नंबर ४ची बॉडी मजबूत हे कारण सांगतील. मी ते वर मान्य केलं आहे. पण त्यातून फार तर ‘नंबर ४ अधिक भक्कम’ एवढं निघतं. ‘इशापूरची भंगार’ हे कुठून निघतं?

ओबडधोबडपणाचा आरोपही याच जातीचा आहे. २ए१च्या लोखंडावर अवजाराच्या खुणा दिसतात, लाकूड साधं आहे, वर काळा रंग मारलेला आहे, हे सगळं खरं आहे. १९१२च्या शांततेच्या काळातल्या एनफील्डची झिलई तिच्यावर नाही. पण १९४२-४३ सालच्या इझेव्हस्कच्या मोसिन-नागां रायफलींवर खरवडल्याच्या खुणा याहून ठळक असतात आणि संग्राहक त्या बोटाने चाचपून दाखवतात: बघा, जर्मन फौजा दारात असताना घडवलेली रायफल. जपानच्या १९४५च्या आरिसाकांचं तर शेवटच्या घाईतला माल म्हणून वेगळं दालनच झालं आहे. त्यांचे लाकडी बटप्लेट, ओबडधोबड वेल्डिंग यांची वर्णनं प्रेमाने केली जातात. त्याच आरिसाकांवरचं सम्राटाचं शेवंतीचं फूल शाबूत असलं तर भाव वाढतो आणि घासलेलं असलं तर उतरतो, हे प्रत्येक विक्रेत्याला तोंडपाठ असतं. मग युद्धातल्या पराभवानंतर, उघडी पडलेली सीमा सांभाळण्यासाठी एका नव्या प्रजासत्ताकाने घाईने घडवलेल्या रायफलीवरची अवजाराची खूण तेवढी गबाळेपणा का? सम्राटाच्या फुलाला भाव आणि अशोकाच्या सिंहांना नाही, हे कुठल्या हिशोबात बसतं? घाईची खूण इतिहास असेल तर ती सगळीकडे इतिहास धरा. दोष असेल तर सगळीकडे दोष धरा.

मुंबईकर वाचकाच्या मनात इथे दुसरी एक शंका येईल. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपल्या पोलिसांच्या हातात जुन्या थ्री-नॉट-थ्री होत्या आणि समोरच्या दहशतवाद्यांच्या हातात एके-४७. तेव्हापासून आपल्याकडेही ही रायफल म्हणजे टाकाऊपणाचं दुसरं नाव झालं. त्या संतापात मीही सहभागी आहे. पण तो संताप अशी रायफल देऊन पोलिसांना उभं करणाऱ्यांवर असायला हवा. कालबाह्य होणं आणि वाईट घडलेलं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संग्राहकाच्या बाजारात तर कालबाह्य वस्तूच विकल्या जातात.

उलट्या बाजूनेही खोटेपणा चालतो आणि त्यालाही उत्तर द्यायला हवं, नाहीतर हा लेख एकतर्फी देशाभिमान ठरेल. २ए१ आयात झाल्यावर तिकडे अनेक रायफलींच्या नळ्या आखूड केल्या गेल्या, टोकाला ज्वाला झाकणारं शंकूच्या आकाराचं तोंड बसवलं गेलं आणि ‘नंबर ७ जंगल कार्बाइन’ या भारदस्त नावाने त्या विकल्या गेल्या. अशी कुठलीही कार्बाइन कुठल्याही सैन्याने कधी वापरली नाही. ब्रिटिशांची खरी नंबर ७ ही सरावासाठीची २२ बोअरची रायफल, आणि खरी जंगल कार्बाइन म्हणजे नंबर ५, जिच्या बॉडीवर आणि नळीच्या मुळाशी वजन कमी करायला मुद्दाम खाचा काढलेल्या असतात. २ए१ कापून केलेली ती वस्तू हातात हलकी आणि दिसायला देखणी असेलही. पण तिला लष्करी सरप्लस म्हणून किंमत देणं चूक. नळी एकदा कापली की पुढचं सगळं लाकूड, नाकाडा, संगिनीची खुंटी, म्हणजे रायफलीचं निम्मं चरित्र गेलं. ‘भारतीय सैन्याने जंगलात वापरलेली’ असं सांगून ती गळ्यात मारणारा मला भंगार म्हणणाऱ्याइतकाच त्रास देतो.

इशापूरच्याच दुसऱ्या एका बंदुकीबाबत असाच घोटाळा होतो. जुन्या ३०३च्या नळ्या आतून गुळगुळीत करून ४१० बोअरच्या एकबारी बंदुका केल्या गेल्या होत्या, पहाऱ्यासाठी आणि पोलिसांसाठी. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. त्यांचं काडतूस ३०३च्याच कवचाचं, पण मान न आवळलेलं. बाजारातलं आजचं ४१० त्यात बसत नाही, आणि म्हणून बऱ्याच बंदुकांच्या चेंबर पुढे कुणी ना कुणी कोरून वाढवल्या आहेत. इथे ‘रूपांतरित’ म्हणणं बरोबर आहे, कारण इथे रूपांतर झालेलं आहे आणि तपासायचंही तेच आहे. ज्यांना हा फरक कळतो ते दोन्ही बंदुकांना योग्य भाव देतात.

मग भाव ठरवायचा कशावरून? वर्गावरून नाही, नगावरून. हातात असलेल्या एका रायफलीवरून. पहिलं पाहायचं ते नळीचं आतलं अंग. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो, हवेतला दमटपणा ओढतो आणि पाण्याने धुतला नाही तर नळीला खातो. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘केएफ’ ठशाची ३०३ काडतुसं जगभर या कारणाने ओळखली जातात. ती उडवून नुसतं तेल फिरवणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या नळ्या घालवल्या. २ए१ ७.६२ची असली तरी जुन्या लष्करी काडतुसांवर चाललेल्या कुठल्याही रायफलीची नळी याच नजरेने पाहायला हवी. आटे धारदार आहेत की खडबडीत काळपट झाले आहेत, तोंडाशी दोरीने साफ करून करून कड झिजली आहे का, हे दोन मिनिटांत दिसतं आणि भावाचा मोठा हिस्सा इथेच ठरतो.

त्यानंतर लाकूड. ली-एनफील्डचं पुढचं लाकूड रिसीव्हरला मागच्या बाजूने टेकतं आणि प्रत्येक बाराचा धक्का तिथे झेलतं. तिथे तडा असेल तर बाहेरून रायफल कितीही नेटकी दिसो, नेम लागणार नाही. या पुढच्या लाकडात इशापूरला आडवा बोल्ट घालून ते आवळण्याची पद्धत होती. बाजारात त्याला दुरुस्तीची खूण समजून भाव पाडतात. ती दुरुस्ती नव्हे; दमट हवा आणि कोरडी थंडी आलटून पालटून सोसणाऱ्या लाकडासाठी कारखान्याने केलेली मजबुती आहे. पुढच्या लाकडावर गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेचंही तेच. जुन्या नंबर १वर ही तार हातबॉम्ब फेकण्याच्या पेल्यासाठी लाकूड फुटू नये म्हणून घातलेली असते. त्या रायफलीने धक्के जास्त खाल्लेले असतात, म्हणून ती तपासून घ्यावी; पण तिच्याकडे कुणीतरी घरी केलेल्या डागडुजीसारखं पाहणं अज्ञान आहे. दुसरीकडे ‘डीपी’ हा ठसा असला तर ती रायफल कवायतीसाठी काढलेली आहे, चेंबर कदाचित छिद्र पाडून बाद केलेली आहे, आणि ती कुणी कितीही सजवली तरी उडवू नये. हा ठसा घासून काढलेला आढळला तर विक्रेत्याशी पुढे बोलण्यातच अर्थ नाही.

क्रमांक जुळण्याचा हट्ट मात्र मला पटतो, पण संग्राहकांच्या नेहमीच्या कारणासाठी नव्हे. नंबर ४च्या बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा मापांत मिळतात, लांबी कमी-जास्त करता येते. नंबर १च्या घराण्यात ती सोय नाही. बोल्ट त्या रायफलीला जुळवून बसवलेला असतो. म्हणून रिसीव्हर आणि बोल्टचा क्रमांक वेगळा असेल तर ते फक्त भावाचं नुकसान नाही; ती रायफल चेंबर मोजल्याशिवाय उडवताच येणार नाही. नाकाडा किंवा दर्शनपट्टी बदललेली असणं मात्र वर्षानुवर्षं लष्करी शस्त्रागारात राहिलेल्या रायफलीच्या बाबतीत साहजिक आहे आणि त्यासाठी मोठी कपात करणं मला अन्यायाचं वाटतं. नंतर मारलेल्या आयातदाराच्या ठशाचंही तसंच. तो तिकडच्या कायद्याने मारावाच लागतो. तो छोटा, नळीखाली असेल तर मी त्याकडे दुर्लक्ष करीन. काळा रंग खरवडून लोखंड चमकवलेलं आणि लाकूड घासून तेल पाजलेलं असेल तर मात्र भरपूर कमी करीन, कारण ठशांसकट पुरावाच घासला गेला. आणि २ए, म्हणजे सुरुवातीची, जुन्या दर्शनपट्टीची, ही २ए१पेक्षा कमी आढळते. ती वेगळी ओळखून तिला जास्त दिले पाहिजेत. बहुतेक विक्रेते दोघींना एकाच ढिगात टाकतात.

शेवटी ‘बाजार ठरवतो तोच भाव’ हा युक्तिवाद उरतो. म्हणे खरं-खोटं काही असो, लोक इतकेच देतात तर तिची लायकी तितकीच. पण हा बाजार तरी कसा घडला? अमेरिकेत १९६८च्या कायद्याने लष्करी सरप्लसच्या आयातीला आळा बसला होता; ऐंशीच्या दशकात तो सैल झाल्यावर रायफलींचे लोंढे आले. मोसिन-नागां शंभर डॉलरच्या आत मिळायच्या. तेव्हा त्यांनाही कुणी विचारत नव्हतं. पुरवठा आटला, लोकांनी ठसे वाचायला शिकून घेतले, कारखाना-साल-प्रकार यांच्या याद्या झाल्या, आणि भाव कित्येक पटींनी चढला. रायफल तीच राहिली. बदललं ते तिच्याबद्दलचं ज्ञान आणि तिची उपलब्धता. २ए१च्या बाबतीत उपलब्धता तर कमी झालीच आहे. शिवाय तिकडच्या नियमात पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली बंदूक ऐतिहासिक वस्तू म्हणून धरली जाते. १९६५ची पहिली २ए१ त्या रेषेपलीकडे २०१५लाच गेली आणि आता जवळजवळ सगळ्याच गेल्या आहेत. अडून राहिलं आहे ते फक्त ज्ञान, आणि ते अडवून धरलं आहे वर सांगितलेल्या त्या बोलण्याने. ज्या माहितीवर भाव उभा आहे ती चुकीची असेल, तर तो भाव पुरावा म्हणून पुढे करता येत नाही.

म्हणून विक्रेत्यांकडे आणि किंमत करून देणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. ‘रूपांतरित ३०३’ हा शब्दप्रयोग चिठ्ठीवरून काढून टाका. त्याऐवजी लिहा: इशापूर, २ए किंवा २ए१, साल, मूळ ७.६२ × ५१साठी घडवलेली. बोल्ट आणि रिसीव्हरचा क्रमांक जुळतो की नाही. चेंबर गेजने मोजली आहे की नाही आणि माप काय आलं. नळीचं आतलं अंग कसं आहे. मागच्या टेकूजवळ लाकडाला तडा आहे का. ‘डीपी’ ठसा आहे का. मग हवा तो आकडा घाला. तो कमी असला तरी मी तक्रार करणार नाही.